तेरा नंबरचा पाना

धुळ्याच्या वेशीवर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना कापतात आणि सोलापूरकडून येणारा तिसराही तिथेच येऊन मिळतो. अशा गावात रात्री-अपरात्री गाडी बिघडली तरी माणूस फारसा घाबरत नाही. पाटेवाला, टायरवाला, वायरमन, खराद, वेल्डिंग, सगळं चार हाकांच्या अंतरावर असतं. याच रस्त्याने आग्र्याच्या बाजूला निघालेली गाडी तासाभरात शिरपूरला लागते. तिथून बोराडीच्या अंगाला वळलं की सातपुड्याचे पहिले डोंगर समोर येतात, मोबाइलच्या पडद्यावरची एकेक रेघ गळत जाते आणि डांबर संपतं. गॅरेजच्या फळीवर धूळ खात पडलेल्या तेरा नंबरच्या पान्याची खरी किंमत इथून पुढे सुरू होते.

‘ऑफ-रोडिंग’ हा शब्द खानदेशात नवा असला तरी ते काम जुनंच आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड भरून चिखलाच्या पाणंदीतून डांबरी रस्ता गाठणारा पिकअप रोज तेच करतो. त्याच्या चालकाला कुणी टी-शर्ट देत नाही, एवढाच फरक. आदिवासी पाड्यांवरून आठवडे बाजाराला माणसं आणणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांनी कमानपाटे आणि टायर जितके बदलले असतील तितके हौशी मंडळींनी पाहिलेही नसतील. त्याही आधी बैलगाडी होती. गाडीच्या आखाखाली वंगणाचं नळकांडं लटकत असे आणि गाडीवाल्याजवळ चाकाची जादा खीळ, सुंभाची दोरी आणि कुऱ्हाड असे. कोणता भाग झिजणार, कोणता निसटणार आणि काय तोडावं लागणार, याचा नेमका अंदाज त्या चार वस्तूंत होता. आजची हत्यारांची पेटी भरताना यापेक्षा वेगळा विचार करावा लागत नाही. गाडी बदलली, म्हणून झिजणारे आणि निसटणारे भाग तेवढे बदलले.

मात्र पेटी भरायला निघालेला माणूस बहुधा आधी दुकानात जातो आणि तिथेच चुकतो. शंभर-सव्वाशे नगांचा चकचकीत सॉकेट सेट, प्लास्टिकच्या खोक्यात प्रत्येकाला आपापला खळगा, बघूनच मन भरतं. त्यातले साठ-सत्तर नग त्याच्या गाडीला कधीच लागणार नसतात आणि जो एक लागणार असतो तो नेमका त्यात नसतो.

म्हणून सुरुवात अंगणातून करावी. रविवारी सकाळी ताडपत्री अंथरून गाडीखाली झोपायचं आणि कुठे किती नंबरचा बोल्ट आहे ते वहीत उतरवायचं. आपल्याकडे दुतोंडी पाने जोडीने मिळतात: ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२. यातला प्रत्येक आकडा प्रत्येक गाडीला लागत नाही. आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट जपानी घडणीच्या गाडीवर असेल तर त्याच्या डोक्याला बारा नंबरचा पाना बसतो. युरोपीय मापाच्या गाडीवर त्याच बोल्टाला तेरा नंबरचा लागतो. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला जपानी पद्धतीत चौदा, तर दुसरीकडे सोळा किंवा सतरा. त्यामुळे मारुतीची जिप्सी बाळगणाऱ्याच्या पेटीत दहा-बारा-चौदा-सतरा हे पाने झिजलेले दिसतात आणि तेरा नंबरचा कोराच राहतो. जुन्या महिंद्रा जीपची गंमत आणखी निराळी. तिचा सांगाडा आणि धुरे अमेरिकी विलिस घराण्याचे, म्हणजे बोल्ट इंचांत. तर नंतरच्या काळात तिच्यात बसवलेलं प्यूजोचं डिझेल इंजिन फ्रेंच, म्हणजे बोल्ट मिलिमीटरमध्ये. एकाच गाडीला दोन भाषा. अशा जीपच्या मालकाला अर्धा इंची आणि नऊ-सोळांश इंची पाने वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर जवळपासच्या मापाचा पाना लावून तो बोल्टाचं डोकं गोल करून बसतो. गोल झालेलं डोकं मग छिन्नी-हातोडीशिवाय ऐकत नाही.

अंगणातली दुसरी परीक्षा चाकाची. चारही चाकं फक्त पेटीतल्या हत्यारांनी उघडून पाहावीत. गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेले नट गाडीबरोबर मिळालेल्या आखूड पान्याला दाद देत नाहीत, हे घरी कळलेलं बरं. हात-दीड हात लांबीचा लोखंडी पाइप पान्यावर चढवला की तेच नट मुकाट्याने सुटतात. तो पाइप वजनाला जड वाटतो, म्हणून बरेच जण घरीच ठेवतात. नटांना अर्धा वेढा द्यायचा तो चाक जमिनीवर असतानाच, गाडी उचलल्यावर नव्हे. आणि जॅक लावून बघायचा तो टायरमधली हवा पूर्ण काढून. पंक्चर झालेल्या गाडीचा धुरा एवढा खाली येतो की उभट बाटलीसारखा हायड्रोलिक जॅक त्याखाली शिरतच नाही. डोंगरात हे पहिल्यांदा लक्षात आलेला माणूस मग खुरप्याने जॅकसाठी खड्डा खणत बसतो. तिकडून जाणारा एखादा दुचाकीवाला थांबतो, विचारतो, “काय व्हयनं, भाऊ?” आणि उत्तराची वाट न पाहता शेजारी बसून दगड उकरायला लागतो.

जॅकच्या बरोबरीने फळी हवीच. फूटभर लांब-रुंद, दीड इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची. तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते, मऊ होते आणि जॅकचा पाय लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. फळीने वजन पसरतं. उचललेल्या गाडीखाली शिरायची वेळ आली तर आधी काढलेलं चाक किंवा स्टेपनी चौकटीखाली आडवी सरकवायची आणि उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. जॅकचा भरवसा फक्त उचलण्यापुरता.

या मुलखातल्या वाटा वाहनाला तीन तऱ्हांनी छळतात. काळ्या मातीचं वर आलंच. दुसरे दगड आणि काटे. सुकी, मोर, अनेर, अरुणावती या सातपुड्यातून तापीकडे धावणाऱ्या नद्यांची पात्रं गोट्यांनी भरलेली आहेत. दक्षिणेकडे, पाटणादेवीच्या आणि साक्रीच्या बाजूला, बेसाल्टचा खडक फुटून त्याच्या धारदार कपच्या वाटेवर येतात. धुळे-नंदुरबारच्या माळांवर लांबच लांब दगडी भिंतींसारखे दिसणारे उंचवटे भूगर्भशास्त्रज्ञ ‘डाइक’ म्हणून ओळखतात. लाव्हा भेगांत शिरून गोठल्यावर झालेला हा खडक टायरच्या कडेला लागला की रबर फाटतंच. काट्यांत वेडी बाभूळ सगळ्यांत वाईट. तिचा वाळलेला काटा ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाही.

तिसरं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून बराच अधिक. अशा भट्टीत इन्सुलेशन टेपचा चिकटा पाझरतो, पंक्चरच्या सोल्युशनची न उघडलेली नळीसुद्धा आतून वाळते, स्वस्तातली प्लास्टिकची क्लिप बिस्किटासारखी तुटते. दोन वर्षांपूर्वी भरलेली पेटी या हवामानात भरलेली धरता येत नाही. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास, आखाजीला, ती उघडून सोल्युशन आणि टेप बदलणारे काही जुने जीपवाले या भागात आहेत. सणाशी बांधलेलं काम विसरत नाही, असा त्यांचा हिशेब.

वाटेवरचा सर्वांत नेहमीचा बिघाड अर्थात पंक्चर. ट्यूबलेस टायरला काटा गेला असेल तर तो उपटण्याआधी जागा खडूने खुणावून ठेवावी. मग टी आकाराच्या हत्याराने भोक साफ करायचं, रबरी दोरी सोल्युशनमध्ये भिजवून आत ढकलायची, झटका देऊन हत्यार बाहेर काढायचं आणि बाहेर आलेली शेपटी कापायची. दहा मिनिटांचं काम, पण पहिल्या खेपेला तासभर लागतो. म्हणून एखाद्या टायरवाल्याकडून भंगार टायर मागून घेऊन त्यावर हात बसवलेला चांगला. टायरची कड फाटली तर दोरीचा उपयोग नाही. ट्रकवाले अशा वेळी आतून ‘गेटर’ टाकतात, म्हणजे जुन्या टायरचा कापलेला तुकडा फाटलेल्या जागी आतून बसवायचा आणि त्यावर ट्यूब चढवून हवा भरायची. ट्यूबलेस टायरलाही हे चालतं, मात्र वीस-तीसच्या वेगाने जवळच्या गावापर्यंतच. हातभर गेटर आणि आपल्या मापाची एक ट्यूब या दोन वस्तू पेटीच्या तळाशी जागा अडवतात, वर्षानुवर्षं लागत नाहीत आणि ज्या दिवशी लागतात त्या दिवशी दुसरं काहीच चालत नाही.

हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप घेताना त्याच्या वायरचं टोक बघावं. सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचे पंप मोठ्या टायरपुढे धापा टाकतात आणि फ्यूज उडवतात; थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंप घ्यावा. चिखल-वाळूत शिरताना टायरमधली हवा ३०-३२ वरून १८-२० पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. म्हणजे पंप हे दुरुस्तीपेक्षाही रोजच्या वापराचं साधन ठरतं, आणि त्यासोबत हवेचा मीटर.

इंजिन तापणं हा उन्हाळी आजार. रेडिएटरची नळी फाटते, क्लिप सैल होते किंवा पट्टा तुटतो. इथे पहिलं औषध म्हणजे थांबणं. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि पाण्याचा फवारा तोंडावर येतो. अर्धा-पाऊण तास झाडाखाली बसायचं. मग फाटलेली नळी पुसून त्यावर जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून गुंडाळायची, दोन्ही बाजूंनी क्लिप आवळायच्या आणि झाकण एक वेढा सैल ठेवून हळूहळू निघायचं, म्हणजे आत दाब साठत नाही. सायकलच्या ट्यूबच्या अशा पट्ट्या फुकटात मिळतात आणि तिप्पट ताणल्या जातात. कोणत्याही महागड्या टेपच्या तोडीस तोड.

रेडिएटरला बारीक भोक पडलं तर मूठभर हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा उपाय ऐकून शहरी माणूस हसतो. पण तो चालतो. हळदीची पूड पाण्यात फुगते आणि गळतीकडे ओढली जाऊन तिथे बसते. तशीच ती बाकीच्या बारीक नळ्यांतही बसते, म्हणून गावात पोचल्यावर रेडिएटर धुऊन घेणं आलंच. डिझेलच्या टाकीला दगड लागून पाझर फुटला तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी तिथे घासून भरतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. एम-सील ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर धरत नाही आणि कडक व्हायला वेळ घेतं, त्यामुळे आधी साबणाने गळती थांबवायची, जागा कोरडी पुसायची आणि मग वरून एम-सील थापायचं. हळद आणि साबण दोन्ही कोणत्याही पाड्यावरच्या दुकानात मिळतात, हा या औषधांचा आणखी एक गुण.

सगळेच जुने उपाय मात्र नव्या गाडीला लागू पडत नाहीत, आणि इथे अनुभवी माणसंही फसतात. पूर्वी पट्टा तुटला की ट्यूबची पट्टी किंवा नायलॉनची दोरी पुलीवर चढवून वेळ निभावत असे. आजच्या गाडीत एकच लांब, बारीक रेघांचा पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी असं सगळं फिरवतो. तिथे दोरी टिकत नाही. जादा पट्टा जवळ हवाच आणि ताण देणारी पुली मागे खेचायला लांब दांड्याचा पानाही. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली तर जुन्या इंजिनात फिल्टरवरचा पंप हाताने दाबत, बारीक स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढता येते. कॉमन रेल इंजिनात फिल्टरपर्यंत हेच करावं. त्यापुढच्या नळ्यांना पाना लावू नये. त्यांत डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने फिरतं आणि सुईसारखी धार कातडी भेदून आत जाते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि गाडीतले सेन्सर आणखी वाढले. एखादा सेन्सर रुसला की इंजिन जीव तोडून पळायचं नाकारतं आणि पेटीतले सगळे पाने निरुपयोगी ठरतात. अशा वेळी काडेपेटीएवढं स्कॅनर मोबाइलला जोडून निदान काय बिघडलं तेवढं कळतं. पुष्कळदा निघतं ते साधंच: उंदराने कुरतडलेली वायर, धुळीने भरलेला जोड, सैल टर्मिनल. म्हणून गाडीत लागणाऱ्या प्रत्येक अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, चार मीटर वायर आणि वायरमन लोकांकडे असतो तसा दोन वायरींचा टेस्ट लॅम्प. मल्टिमीटर असल्यास उत्तम, पण तो वापरता येत नसेल तर टेस्ट लॅम्प अधिक प्रामाणिक. बल्ब पेटतो किंवा पेटत नाही.

खालच्या बाजूचे बिघाड दिसायला भयंकर, पण बांधून निभावण्याजोगे. पाट्याचा मधला बोल्ट तुटला की धुरा मागे सरकतो. जॅकने गाडी उचलून धुरा जागेवर आणायचा आणि साखळीने किंवा रॅचेटच्या पट्ट्याने चौकटीला जखडायचा. मुख्य पाटा तुटला तर धुरा आणि चौकट यांच्यात लाकडाचा ओंडका ठोकून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने काढतात. हाडं खिळखिळी होतात, पण गाव येतं. दगडावर आपटून वाकलेला टाय रॉड उघडून सपाट खडकावर ठेवायचा, दोन किलोच्या हातोड्याने सरळ करायचा आणि परत वाकू नये म्हणून त्याला मोठा पाना किंवा पाइप तारेने आवळून बांधायचा, अगदी मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधाव्यात तसा. बांधायची तार, कॉटर पिना, व्हाइस ग्रिप, लोखंड कापायची पाती आणि मूठभर मिसळीचे नट-बोल्ट या पाच गोष्टींवर अशा दुरुस्त्या उभ्या राहतात. परदेशी ऑफ-रोड मंडळी दोन-तीन बॅटऱ्या जोडून रानातच वेल्डिंग करतात. खानदेशात तेवढ्या उठाठेवीची गरज क्वचितच पडते. नांगराचे फाळ आणि ट्रॉल्या जोडणारा वेल्डिंगवाला पायथ्याच्या बहुतेक मोठ्या गावात असतो. त्याच्यापर्यंत पोचणं एवढंच पेटीचं काम.

पोचता येत नसेल तेव्हा टोचन. साखळीने किंवा विहिरीच्या दोराने गाडी ओढणं सर्रास चालतं आणि तेच सर्वांत धोक्याचं. ताणलेली साखळी तुटली तर तिचं टोक काच फोडून आत येतं. त्याऐवजी हवा गाडीच्या वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट भार सोसणारा विणलेला पट्टा, दोन पक्के शॅकल आणि ते अडकवायला थेट चौकटीला बसवलेला हुक, बंपरला नव्हे. ओढताना पट्ट्यावर मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटला तरी तो उसळत नाही. माणसांनी त्याच्या लांबीपेक्षा दूर उभं राहायचं. बघ्यांची गर्दी मागे हटवणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम. मूळ मलेशियातली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ स्पर्धा २०१४ साली गोव्यात सुरू झाली तेव्हापासून विंच, पट्टे, शॅकल यांची ओळख आपल्याकडे वाढली. तिथले व्हिडिओ पाहून विंच बसवणारेही वाढले. शेताच्या बांधावर मात्र शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन नंबर अजून विंचपेक्षा कामाचा ठरतो.

हे सगळं भरायचं कशात? पत्र्याची पेटी मजबूत, पण खडबडीत वाटेवर वाजत राहते आणि आतले पाने एकमेकांना झिजवतात. ताडपत्री शिवणारे कारागीर जळगाव-धुळ्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून जाड कॅनव्हासची खाचा असलेली गुंडाळी शिवून घेतली की प्रत्येक पाना आपल्या खाचेत बसतो आणि रिकामी खाच लगेच दिसते. काम झाल्यावर कोणता पाना गवतात राहिला, ते निघण्याआधीच कळतं. गुंडाळी, जॅक, फळी, पाइप मिळून वीस-पंचवीस किलो होतात. ते पट्ट्याने जखडलेलं हवं. गाडी कलंडली तर सुटा जॅक माणसाच्या डोक्यावरच येतो. हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, पाच लिटर पाणी आणि अग्निशामक नळा हे गुंडाळीत मावत नाहीत, पण त्यांच्याशिवाय गुंडाळी उघडण्यात अर्थ नसतो.

एक गोष्ट हौशी मंडळी सोयीस्करपणे विसरतात. सातपुड्यातल्या ज्या वाटा सुंदर दिसतात त्यांतल्या पुष्कळ राखीव जंगलातून जातात. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. शिरपूरकडे अनेर धरणाचं आणि चाळीसगावच्या दक्षिणेला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग वाट सोडून गाडी घालणं दूरच. पालला जाणारा रस्ता किंवा मनुदेवीची वाट सर्वांसाठी असली, तरी त्या वाटेवर सांडलेलं ऑइल कुणीतरी पुसायला हवं. जुन्या चिंध्या आणि रिकामा डबा पेटीत असतो तो त्यासाठीही.

डोंगर उतरून गाडी पुन्हा डांबरावर आली की चहाच्या टपरीपाशी थांबून दोन कामं उरतात. पंप काढून चारही टायरमध्ये हवा परत ३०-३२ पौंडांवर न्यायची, कारण अर्धवट हवेच्या टायरने महामार्गावर ऐंशीचा वेग घेतला तर तो तापून फुटतो. आणि वाटेत ज्या चाकाचा नट उघडला असेल तो पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळायचा. शिरपूरहून निघालेल्या गाडीला तोवर धुळ्याची चौफुली दिसायला लागलेली असते.